व्यापाऱ्याने पिस्तूल बाळगावे काय?

आपल्या सभासदांच्या बोलण्यात अलीकडे एक विषय वारंवार निघू लागला आहे. दिवसभराचा गल्ला घेऊन रात्री चौकातून घरी परतणारा सराफ, किंवा वसुलीसाठी विदिशा, सिहोर, रायसेनच्या बाजूस एकट्याने जाणारा कापडाचा वा धान्याचा व्यापारी, यांनी स्वतःच्या रक्षणासाठी अंगावर लहान शस्त्र बाळगावे किंवा कसे, असा तो विषय आहे. एक पक्ष म्हणतो, काळ कठीण आहे, परवाना काढून ठेवणे शहाणपणाचे. दुसरा पक्ष म्हणतो, भगवान महावीरांच्या अनुयायाने कमरेला पिस्तूल लावावे यापरती विसंगती ती कोणती? दोन्ही पक्ष प्रामाणिक आहेत. मात्र शस्त्र घरात आल्यानंतर पुढे काय, ते कसे निवडावे, कसे शिकावे, कसे बाळगावे आणि कोणत्या प्रसंगी त्यास हातही लावू नये, याचा विचार दोघांच्याही बोलण्यात क्वचितच आढळतो. आमच्या मते खरा प्रश्न तेथेच आहे.

आमचे म्हणणे आरंभीच सांगून टाकतो. शस्त्र घ्यावे की न घ्यावे हे ज्याने त्याने आपली परिस्थिती पाहून ठरवावे. परंतु ते घ्यावयाचे झाल्यास एखादे व्रत घ्यावे तशा नियमाने घ्यावे. शिक्षण आणि नित्य सराव यांवाचून बाळगलेले पिस्तूल धन्याचे रक्षण तर करीत नाहीच, उलट त्याच्या घरच्यांस आणि रस्त्यावरील निरपराध माणसास नवा धोका मात्र उत्पन्न करते.

धर्म काय सांगतो

आपल्या आचार्यांनी हिंसेचे चार प्रकार सांगितले आहेत. जाणूनबुजून, मारण्याच्या हेतूने केलेली ती संकल्पी. घरसंसारात, स्वयंपाकपाण्यात घडते ती आरंभी. शेती, व्यापार, उदीम यांत अपरिहार्यपणे होते ती उद्योगी. आणि आपल्यावर, आपल्या आश्रितांवर चालून आलेल्याचा प्रतिकार करताना घडते ती विरोधी. मुनींना हे चारही प्रकार वर्ज्य आहेत. गृहस्थाने संकल्पी हिंसा सर्वथा सोडावयाची असते. उरलेले तीन प्रकार त्याने शक्य तेवढे कमी करावयाचे असतात. श्रवणबेळगोळ येथे दहाव्या शतकाच्या अखेरीस बाहुबलींची भव्य मूर्ती उभी करविणारा चामुंडराय हा गंग राजांचा सेनापती होता. त्या मूर्तीच्या पायाशी कोरलेला लेख आपल्या मराठीच्या अतिप्राचीन लेखांत गणला जातो. रणांगण पाहिलेल्या पुरुषाने मूर्ती उभारली ती मात्र जिंकलेले राज्य सोडून तपास निघून गेलेल्याची, हे आपण विसरू नये.

सबब, जैन गृहस्थाने आत्मरक्षणासाठी शस्त्र बाळगलेच तर तो धर्मभ्रष्ट झाला असे म्हणता येणार नाही. परंतु त्याच धर्माने त्याच्यावर दोन कडक बंधने घातली आहेत. पहिले बंधन प्रमादाविषयीचे. तत्त्वार्थसूत्रकार उमास्वातींनी हिंसेची व्याख्या करताना प्रमादास मध्यवर्ती स्थान दिले आहे; बेसावध मनाने वागून प्राण्याच्या प्राणांस इजा पोहोचविणे ही हिंसाच होय. भरलेले पिस्तूल उशाखाली ठेवून झोपणारा आणि त्याचे काम न शिकता ते कमरेस लावून हिंडणारा, हे दोघे प्रत्यक्ष गोळी सुटण्यापूर्वीच या दोषाचे धनी होतात. दुसरे बंधन अनर्थदंडाचे. आचार्य समंतभद्रांनी श्रावकांसाठी सांगितलेल्या अनर्थदंडांत हिंसादान हा एक आहे. म्हणजे हिंसेची साधने दुसऱ्याच्या हाती देणे. मुनिमाबरोबर रोकड पाठविताना थैलीसोबत आपले पिस्तूलही देणारा, किंवा लग्नाच्या वरातीत मिरविण्यासाठी ते मेहुण्यास देणारा, सरकारचा अपराध तर करतोच, पण धर्माचाही करतो.

आपल्या प्रांताचा अनुभव

१९५६ साली मध्य भारत, विंध्य प्रदेश व भोपाळ ही राज्ये आणि जुन्या मध्य प्रदेशाचा महाकोशल भाग मिळून आजचा मध्य प्रदेश झाला, आणि चंबळेचे खोरे व आपले भोपाळ एका राज्यात नांदू लागले. त्या खोऱ्यात बंदूक हे केवळ संरक्षणाचे साधन नसून घराण्याच्या प्रतिष्ठेचे चिन्ह मानले जाते. परवान्याची हौस तेथे एवढी की, २००८ साली शिवपुरी जिल्ह्यात नसबंदी करून घेणाऱ्यास परवाना त्वरेने देण्याची योजना निघाली, आणि २०१९ साली ग्वाल्हेरच्या जिल्हाधिकाऱ्यांनी परवाना मागणाऱ्याने आधी दहा झाडे लावून ती जगवावीत अशी अट घातली. ऐकून हसू येते खरे. परंतु सरकारी कामासाठी आमिष म्हणून वापरावी एवढी ज्या वस्तूची ओढ, ती केवळ गरजेपोटी मागितली जात नसते.

त्याच खोऱ्याने दुसरेही एक दृश्य पाहिले आहे. १९६० च्या मे महिन्यात कुलाबा जिल्ह्यातील गागोद्याचे सुपुत्र विनोबा भावे पायी तेथे गेले आणि वीस बागींनी त्यांच्यापुढे शस्त्रे ठेवली. पुढे १४ एप्रिल १९७२ रोजी जौरा येथे जयप्रकाश नारायण यांच्या उपस्थितीत माधोसिंग, मोहरसिंग यांच्यासारख्या नामांकित दरोडेखोरांनी महात्माजींच्या तसबिरीपुढे आपल्या बंदुका उतरविल्या. ज्यांचे अर्धे आयुष्य शस्त्राच्या सोबतीत गेले, त्यांनाही त्या सोबतीने शांत झोप दिली नव्हती. शस्त्र घरात आले की भय आपोआप बाहेर जाईल, असे समजणाऱ्याने हा इतिहास आठवावा.

कायद्याची चौकट

आपल्यापैकी अनेकांची मुले वा पुतणे अमेरिकेत आहेत. तेथील सर्वोच्च न्यायालयाने २०२२ साली घराबाहेर पिस्तूल बाळगणे हा नागरिकाचा घटनादत्त हक्क ठरविला, आणि तेथील अनेक राज्यांत त्यासाठी परवानाही लागत नाही. तिकडच्या गप्पा ऐकून इकडे कोणी गैरसमज करून घेऊ नये. भारतात शस्त्र बाळगणे हा हक्क नव्हे. ती सरकारने दिलेली सशर्त परवानगी आहे. १९५९ चा शस्त्र कायदा १ ऑक्टोबर १९६२ पासून अमलात आला. एकवीस वर्षांखालील व्यक्तीस त्यान्वये शस्त्र बाळगता येत नाही. एका परवानाधारकास पूर्वी तीन अग्निशस्त्रे ठेवता येत. २०१९ च्या दुरुस्तीने ती मर्यादा दोनवर आली आणि परवान्याची मुदत तीन वर्षांवरून पाच वर्षे झाली. वाडवडिलांची बारा बोअरची बंदूक ज्यांच्या घरी आहे, त्यांनी तीही या दोहोंतच धरावयाची आहे.

२०१६ च्या शस्त्र नियमांत दोन गोष्टी अशा आहेत की, ज्यांची माहिती कित्येक परवानाधारकांसही नसते. एक म्हणजे, अर्जदाराने शस्त्र सुरक्षितपणे हाताळण्याचे, बाळगण्याचे, झाडण्याचे आणि ठेवण्याचे शिक्षण घेतले पाहिजे. शारीरिक व मानसिक स्वास्थ्याचा वैद्यकीय दाखलाही लागतो. दुसरी म्हणजे, सार्वजनिक जागी पिस्तूल नेताना ते त्यासाठीच बनविलेल्या म्यानात वा तत्सम साधनात, पूर्णपणे झाकलेले आणि आपल्या ताब्यात असले पाहिजे. कमरेवर दिसेल अशा रीतीने ते लावून बाजारातून हिंडणे ही मर्दुमकी नसून नियमभंग आहे. परवान्यात स्पष्ट लिहिलेले असते की, विशेष परवानगीवाचून शस्त्र जत्रेत, धार्मिक मिरवणुकीत, सार्वजनिक सभेत किंवा शाळा-महाविद्यालयाच्या आवारात नेऊ नये. महावीर जयंतीच्या रथयात्रेत रोकड वा मौल्यवान वस्तू जवळ असल्या तरी शस्त्र घरीच राहिले पाहिजे. लग्नसमारंभात आनंदाने गोळी झाडण्याबद्दल २०१९ पासून दोन वर्षांपर्यंत कैद, एक लाखापर्यंत दंड, किंवा दोन्ही अशी शिक्षा आहे. निवडणुकीची आचारसंहिता लागू झाली म्हणजे शस्त्र जमा करण्याचा हुकूम येतो, तो वेळेवर पाळावा.

आधी इतर उपाय

व्यापाऱ्याचे खरे संरक्षण त्याच्या व्यवहाराच्या रीतीत असते. रोज एकाच वेळी, एकाच वाटेने, एकाच रंगाची थैली घेऊन जाणारा मनुष्य लुटारूचे निम्मे काम स्वतःच करून ठेवतो. भरणा दिवसातून दोनदा करावा, वाट आणि वेळ बदलत जावी, दोन विश्वासू माणसे बरोबर असावीत, रोकडीचा विमा उतरवावा, दुकानाच्या दाराशी चांगला उजेड व कॅमेरा असावा. २०१६ पासून यूपीआयमुळे लहान रकमा परस्पर बँकेत जाऊ लागल्या आहेत. जेवढा गल्ला कमी, तेवढे भय कमी. या सर्व गोष्टी करूनही ज्याच्या धंद्याचे स्वरूपच असे आहे की त्यास मूल्यवान माल घेऊन एकट्याने फिरणे भाग पडते, किंवा ज्यास प्रत्यक्ष धमकी आलेली आहे, त्याने पुढचा मजकूर लक्षपूर्वक वाचावा. बाकीच्यांनी परवान्याच्या नादी लागू नये, असे आमचे स्पष्ट मत आहे.

निवड कशी करावी

निवडीत पहिला प्रश्न रिव्हॉल्व्हर घ्यावे की पिस्तूल, हा असतो. नऊ मिलिमीटर वा पॉइंट अडतीस बोअरची नावे चित्रपटांत ऐकू येतात. परंतु ती निषिद्ध बोअर असून सामान्य नागरिकास मिळत नाहीत. आपणांस उपलब्ध असते ते बहुधा पॉइंट बत्तीसचे. परदेशी शस्त्रांची आयात सामान्य माणसासाठी अनेक दशकांपासून बंद असल्याने जुन्या विलायती पिस्तुलास बाजारात भलतीच किंमत येते. तो पैसा नावाचा आहे, उपयोगाचा नव्हे.

रिव्हॉल्व्हरमध्ये फिरत्या चक्रीच्या घरांत सहा काडतुसे असतात. चक्री उघडताच ते भरलेले आहे की रिकामे हे डोळ्यांस दिसते. एखादे काडतूस फुटले नाही तर पुन्हा चाप ओढला की पुढचे समोर येते. ज्यास महिन्यातून एकदाच सराव जमणार आहे, त्याच्या हाती हेच बरे. पिस्तूल चपटे असते, त्यामुळे सदऱ्याखाली वा कोटाखाली सहज झाकले जाते आणि मॅगझिनमुळे लवकर भरता येते. परंतु त्याची कळ अधिक किचकट. मॅगझिन काढून घेतले म्हणजे पिस्तूल रिकामे झाले, असा नवशिक्याचा समज होतो. वस्तुतः एक काडतूस नळीच्या मागल्या घरात राहिलेले असू शकते, आणि अनेक अपघात याच एका काडतुसाने झालेले आहेत. स्लाइड मागे ओढून आत डोळ्यांनी पाहिल्यावाचून आणि बोटाने चाचपल्यावाचून पिस्तूल रिकामे मानू नये.

वजनाविषयीही एक भ्रम आहे. हलके ते बाळगावयास सोपे, हे खरे. परंतु झाडताना हलक्या शस्त्राचा धक्का हातास अधिक बसतो. कानपूरच्या कारखान्याने जानेवारी २०१४ मध्ये स्त्रियांसाठी म्हणून निर्भीक नावाचे पॉइंट बत्तीसचे रिव्हॉल्व्हर बाजारात आणले. ते सुमारे पाचशे ग्रॅम वजनाचे होते आणि त्याची किंमत त्या वेळी सव्वा लाखाच्या आसपास होती. त्या वेळी वृत्तपत्रांतून बरीच चर्चा झाली. आमचे म्हणणे एवढेच की, शस्त्र स्त्रीचे वा पुरुषाचे नसून हाताच्या मापाचे असते. मूठ तळहातात पूर्ण बसली पाहिजे, तर्जनीचे पेर चापापर्यंत ओढाताण न करता पोहोचले पाहिजे, आणि चाप ओढताना नळीचे तोंड हलता कामा नये. साठीच्या गृहस्थास स्लाइड मागे ओढवत नसेल, किंवा संधिवाताने बोटात जोर नसेल, तर विक्रेत्याच्या स्तुतीस न भुलता त्याने दुसरे शस्त्र पाहावे; कदाचित कोणतेच न घेण्याचा निर्णयही त्यातून निघेल. आधी शिकावे, शिकताना दोन-तीन प्रकार हाताळून पाहावेत आणि मगच विकत घ्यावे, हा क्रम कधीही उलटू नये.

म्यानाकडे लोक फारच दुर्लक्ष करतात. एक लाखाचे शस्त्र घेऊन ते पायजम्याच्या नाड्यात खोचणारे किंवा रोकडीच्या थैलीत टाकणारे महाभाग आहेत. थैली गेली की पिस्तूलही गेले, आणि ते आता लुटारूच्या हाती! म्यान कडक असावे, त्याने चापाचा भाग पूर्ण झाकावा, ते पट्ट्यास घट्ट बसावे, आणि त्याची जागा रोज तीच असावी. संकटात हात सवयीच्या जागीच जातो.

शिक्षण कसे घ्यावे

शस्त्राचे शिक्षण म्हणजे नेमबाजी, असा सर्वसाधारण समज आहे. नेम हा त्यातला लहान भाग. जगभरच्या चांदमारीच्या मैदानांवर चार नियम शिकविले जातात आणि आमच्या मते ते आपल्या अहिंसाणुव्रताच्या अतिचारांप्रमाणे पाठ असावेत. प्रत्येक शस्त्र भरलेलेच आहे असे समजावे. ज्यास इजा करावयाची नाही त्याच्याकडे नळीचे तोंड क्षणभरही करू नये. झाडण्याचा निश्चय होईपर्यंत बोट चापास लावू नये. आणि समोर काय आहे व त्याच्या पलीकडे काय आहे, हे पाहिल्यावाचून झाडू नये. चौथा नियम आपल्या चौकात, इतवाऱ्यात वा जुमेरातीत विशेष महत्त्वाचा. तेथल्या अरुंद गल्ल्यांत लुटारूच्या मागे भाजीवाली असते, शाळेतून परतणारे मूल असते, समोरच्या दुकानातला आपलाच बंधू असतो. चुकलेली गोळी हवेत विरून जात नाही.

आरंभी कित्येक दिवस रिकाम्या शस्त्रावरच सराव करावा. काडतुसे दुसऱ्या खोलीत कुलूपबंद ठेवून, शस्त्र दोनदा तपासून, भक्कम भिंतीसमोर उभे राहावे. पकड, उभे राहण्याची ढब, माशी साधणे आणि चाप संथपणे दाबणे एवढेच पुन्हा पुन्हा करावे. परवान्यावर एका वेळी व वर्षात किती काडतुसे घेता येतील ही मर्यादा लिहिलेली असते आणि ती स्वस्तही नसतात. यास्तव रिकाम्या सरावाचे महत्त्व आपल्याकडे अधिकच. त्यानंतर जाणत्या शिक्षकाच्या देखरेखीखाली मैदानावर प्रत्यक्ष झाडण्याचा अभ्यास करावा. व्यापाऱ्यावर येणारा प्रसंग हा बहुधा चार-पाच हातांच्या अंतरावरचा असतो. त्यामुळे दूरच्या निशाणापेक्षा जवळच्या निशाणावर, झाकलेल्या म्यानातून शस्त्र सुरक्षितपणे बाहेर काढण्यावर आणि तितक्याच शांतपणे परत ठेवण्यावर भर द्यावा. डाव्या हाताने सदरा वर घ्यावा, उजव्याने मूठ धरावी, नळी समोर येईपर्यंत तर्जनी सरळ ठेवावी. गादीवर बसून, मोटारीत बसून हे जमते काय, हेही रिकाम्या शस्त्राने पाहावे.

आणखी एक गोष्ट पुस्तकाने शिकविता येत नाही. प्राणसंकटात छाती धडधडते, बोटे थरथरतात, कानांस ऐकू येईनासे होते आणि नजर एकाच बिंदूवर खिळते. निवांत दुपारी दहापैकी आठ गोळ्या निशाणावर मारणाऱ्यास त्या क्षणी म्यानाची गुंडीही सापडत नाही. सराव हाच त्यावर उपाय, आणि तो थांबला की कौशल्य ओसरू लागते. ज्यास निदान महिन्यातून एकदा वेळ काढता येत नाही, त्याने शस्त्र बाळगू नये.

या बाबतीत भोपाळकर भाग्यवान आहेत. आपल्या शहराच्या वेशीवर बिशनखेडीच्या बाजूस राज्याची नेमबाजी अकादमी आहे; मार्च २०२३ मध्ये नेमबाजीची विश्वचषक स्पर्धा भोपाळातच भरली होती. खरगोन जिल्ह्याचे ऐश्वर्य प्रतापसिंह तोमर येथेच घडले. इकडे कोल्हापूरची राही सरनोबत हिने २०१८ च्या आशियाई स्पर्धेत पिस्तुलात सुवर्णपदक मिळविले, आणि त्याच जिल्ह्यातील कांबळवाडीच्या स्वप्नील कुसाळेने २०२४ साली पॅरिसला रायफलीत कांस्य मिळविले. या खेळाडूंचा मार्ग आत्मरक्षणाचा नव्हे, क्रीडेचा आहे. तथापि श्वासावरचा ताबा, चित्ताची स्थिरता आणि वर्षानुवर्षांची शिस्त त्यांच्याकडून प्रत्येक परवानाधारकाने शिकावी. आमच्या तरुणांस नेमबाजीची आवड असेल तर त्यांनी छऱ्याच्या पिस्तुलाने कागदी निशाणावर ती पुरवावी. तेथे कोणाही जीवास भय नाही.

घर आणि कुटुंब

शस्त्र एकट्या पुरुषाचे नसते, ते साऱ्या घराचे असते. म्हणून परवान्याचा अर्ज करण्यापूर्वी गृहिणीची संमती घ्यावी. घरात आल्याबरोबर शस्त्र रिकामे करून भिंतीस पक्क्या बसविलेल्या तिजोरीत ठेवावे, काडतुसे वेगळ्या कुलपात असावीत, आणि किल्ल्या देवघरात वा गल्ल्यात न ठेवता धन्याच्याच जवळ राहाव्यात. मुलांपासून ते लपविणे पुरेसे नाही. लपविलेली वस्तू मुले आधी शोधून काढतात.

एका नाजूक गोष्टीचा उल्लेख येथे केलाच पाहिजे. व्यापारात चढउतार असतात. मंदी येते, उधारी बुडते, भागीदार दगा देतो, आणि धीराचा मनुष्यही काही दिवस निराशेने घेरला जातो. अमेरिकेतील कॅलिफोर्निया राज्याच्या पिस्तुलधारकांचा एक मोठा अभ्यास २०२० साली प्रसिद्ध झाला. त्यात असे दिसून आले की, पिस्तूल बाळगणाऱ्या पुरुषांत स्वतःवर गोळी झाडून मरण्याचे प्रमाण न बाळगणाऱ्यांच्या सुमारे आठपट होते. निराशेची लाट बहुधा ओसरते. हाताशी असलेले पिस्तूल तेवढी सवड देत नाही. सबब, घरातील कोणीही अशा मनःस्थितीत दिसल्यास वडीलधाऱ्यांनी वा पत्नीने संकोच न धरता शस्त्र परवानाधारक विक्रेत्याकडे किंवा पोलीस ठाण्यात जमा करण्याचा आग्रह धरावा. कायद्याने तशी सोय आहे. त्यात कोणाचा अपमान नाही. आणि त्या मनुष्यास एकटे न सोडता डॉक्टरांकडे न्यावे.

प्रसंग आलाच तर

१ जुलै २०२४ पासून भारतीय दंडसंहितेच्या जागी भारतीय न्याय संहिता आली. आत्मसंरक्षणाचा हक्क आता तिच्या ३४ ते ४४ या कलमांत आहे. हक्काचे स्वरूप पूर्वीचेच. मृत्यूची वा जबर दुखापतीची रास्त भीती असेल, किंवा जबरी चोरीसारखा गंभीर प्रसंग असेल, तर प्रतिकार टोकापर्यंत जाऊ शकतो. परंतु जरुरीपेक्षा अधिक इजा करता येत नाही, आणि सरकारी मदत मागण्यास अवसर असेल तर हा हक्कच उरत नाही. धमकी संपून चोर पळू लागला की त्याच्या पाठीत गोळी घालणे हे संरक्षण नव्हे.

व्यवहाराच्या दृष्टीने आम्ही एवढेच सांगू: समोरच्याने आधीच शस्त्र रोखले असेल तर थैली देऊन टाकावी. विम्याने पैसा परत येतो, पुढच्या दिवाळीत तो पुन्हा मिळविता येतो. शस्त्राचा उपयोग पैशासाठी नाही, प्राणासाठी आहे, आणि तोही दुसरा मार्ग खुंटल्यावर. धाक दाखविण्यासाठी, उधारी वसूल करण्यासाठी, वाहनाच्या भांडणात ते बाहेर काढणारा मनुष्य गुन्हेगाराच्या पंक्तीस जाऊन बसतो. प्रसंग घडलाच तर जखमीस मदत मिळवून द्यावी, ११२ वर कळवावे, शस्त्र खाली ठेवावे आणि घडले तसे सांगावे. शस्त्र हरवले वा चोरीस गेले तर त्याच दिवशी पोलिसांत वर्दी द्यावी. लाजेने लपविल्यास त्या शस्त्राने पुढे घडणाऱ्या पापाचा वाटा आपल्याकडे येतो.

संघटनेचे कर्तव्य

आपल्या संघटनेने या विषयाकडे खासगी बाब म्हणून पाहू नये. बाजारनिहाय काही दुकानदारांनी मिळून भरण्यासाठी सामायिक, विमा उतरविलेली गाडी ठेवल्यास कित्येकांची परवान्याची गरजच संपेल. जे परवानाधारक आहेत त्यांच्यासाठी वर्षातून दोनदा जाणत्या शिक्षकांकडून उजळणी व कायद्याची माहिती देण्याची व्यवस्था व्हावी, आणि त्या बैठकीस त्यांच्या गृहिणींसही बोलवावे. क्षमापनेच्या दिवशी आपण जशी वैरभावाची झडती घेतो, तशी प्रत्येक परवानाधारकाने त्याच सुमारास आपल्या गरजेचीही झडती घ्यावी: ज्या कारणासाठी शस्त्र घेतले ते कारण आज शिल्लक आहे काय? नसेल, तर पुढील नूतनीकरणाची वाट न पाहता ते रीतसर परत करावे. असे परत केलेले प्रत्येक पिस्तूल आमच्या संघटनेच्या अहवालात नफ्याच्या बाजूस लिहिण्याजोगे आहे.

सर्व सभासद बंधुभगिनींस आणि त्यांच्या कुटुंबीयांस नवे वर्ष निर्भय व निर्वैर जावो. जय जिनेंद्र.